गेट असावं की नसावं: डोंबिवलीहून तळेगावला निघालेल्या एका जोडप्याला उत्तर

प्रश्न आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे गृहस्थ ६९ वर्षांचे, मध्य रेल्वेतून निवृत्त. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, गाडी अजून स्वतः चालवतात. पत्नी ६४ वर्षांच्या, ठणठणीत, पण गाडी चालवत नाहीत. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बेंगळुरूत. डोंबिवलीचा तिसऱ्या मजल्यावरचा बिनलिफ्टचा फ्लॅट विकून तळेगाव दाभाड्याला यायचं घाटतंय. तिथे दोन जागा बघून ठेवल्या आहेत. पहिली स्टेशनपासून सहा किलोमीटरवर, हायवेच्या पलीकडे, फक्त ज्येष्ठांसाठी बांधलेलं गेटेड संकुल. कंपाउंड, चोवीस तास सिक्युरिटी, मेस, आठवड्यातून तीनदा डॉक्टर. दुसरी स्टेशन भागातली जुनी सोसायटी. रस्त्याला लागून चार इमारती, लिफ्ट आहे, गेट नावापुरतं. राहणारे निम्मेअधिक निवृत्त, पण शाळेत जाणारी पोरंही आहेत. मुलगा म्हणतो, गेटेडच घ्या. वहिनींचा ओढा स्टेशनकडे. "सुरक्षिततेच्या दृष्टीने कुठलं बरं?" असं विचारलंय.

कोण सांगतंय हे कळलं की सल्ला किती मनावर घ्यायचा ते ठरवता येतं, म्हणून माझ्याबद्दल दोन ओळी. पुण्याच्या पश्चिमेला ज्येष्ठांच्या एका गेटेड संकुलात मी अकरा वर्षं व्यवस्थापक होते. त्यानंतरची सात वर्षं घर बदलणाऱ्या ज्येष्ठांबरोबर जागा बघत फिरते. दलाली घेत नाही, भेटीचे पैसे घेते. त्यामुळे कुठलीही एक जागा खपवण्यात माझा फायदा नाही. पण गेटच्या आतून अकरा वर्षं बघितल्यामुळे माझी काही मतं पक्की झाली आहेत, ती लपवणार नाही.

"सुरक्षित" हा शब्द मुलं वापरतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर चोर असतो. साहजिक आहे, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या बातम्या पेपरात तशाच येतात. संकुलात रात्रीच्या फोनची वही मी स्वतः लिहायचे. अकरा वर्षांत त्या वहीत चोरीची नोंद एकच आहे. तळमजल्याच्या व्हरांड्यातून चपलांचे जोड गेले होते, आणि नेणारं कुत्रं होतं. बाकी वही भरली ती बाथरूममध्ये घसरण्याने, साखर उतरण्याने, लघवी अडकण्याने आणि "ह्यांना हलवतेय पण डोळे उघडत नाहीत" या फोनने. यातलं काहीही गेटमधून आत आलेलं नव्हतं. ते घरातच होतं.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेते. एखाद्या सकाळी तुम्ही दिसला नाहीत, तर ते पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येईल? किती वाजता? आणि लक्षात आल्यावर त्या माणसाला तुमच्या घरात शिरता येईल का? दोन्ही जागांना हे विचारून बघा. ब्रोशरमध्ये याचं उत्तर नसतं.

आमच्या संकुलातली गोष्ट सांगते. मेसमध्ये दुपारच्या जेवणाला नावापुढे टिक करायची वही होती. पाऊण वाजून गेला आणि टिक नसली की मेसमधला मुलगा फोन लावायचा, फोन नाही उचलला की वर जाऊन बेल वाजवायचा. एका आजी अशाच सव्वा वाजता सापडल्या. पहाटे चारला बाथरूमला जाताना पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. चहा-नाश्ता त्या घरीच करायच्या, त्यामुळे सकाळी कुणाला शंका आली नाही. गेट होतं, दोन वॉचमन होते, मी ऑफिसात नऊपासून बसले होते, आणि त्या नऊ तास फरशीवर होत्या. त्यानंतर आम्ही एक बिनपैशाची सोय केली. रात्री झोपताना दाराच्या कडीला बाहेरून एक पाटी अडकवायची आणि सकाळी आठच्या आत ती काढून घ्यायची. आठ वाजता झाडूवाली मावशी मजल्यावरून फिरायची आणि पाटी दिसली की बेल वाजवायची. सुरुवातीला लोक चिडले, "आम्ही काय हॉस्टेलात आहोत?" म्हणाले. सहा महिन्यांत सवय झाली. पाटी काढायला विसरणारे मात्र शेवटपर्यंत विसरत राहिले आणि मावशीला साखरझोपेतल्या शिव्या पडत राहिल्या.

आता गेटबाहेरची. कर्वेनगरच्या एका जुन्या कॉलनीत बँकेतून निवृत्त झालेले एक सर एकटे राहत होते. त्यांच्याकडे पूजेची फुलपुडी यायची, फुलवाला सायकलवरून येऊन ती दाराच्या कडीला अडकवून जायचा. एक दिवस तो सातला आला तर कालची पुडी तशीच लटकत होती. त्याने शेजारच्या काकूंना हाक मारली, काकूंकडे किल्ली होती. सर पलंगावरच होते, एक बाजू लुळी पडली होती, पण शुद्धीत होते. तो फुलवाला कुठल्या सेवा कंपनीचा नोकर नव्हता. गेट असतं तर त्याची पुडी वॉचमनच्या टेबलावर पडून राहिली असती.

एवढ्यावरून खुली वसाहत बरी असा निकाल मी देत नाही. दाराशी दोन दिवसांचे पेपर साठल्यावर शेजाऱ्यांना जाग आलेलीही खुली सोसायटी मी बघितली आहे. समोरच्या फ्लॅटमध्ये दर अकरा महिन्यांनी नवा भाडेकरू येत असेल, तर रस्ता कितीही वर्दळीचा असला तरी तुम्ही एकटेच. सांगायचा मुद्दा एवढाच की तुमच्यावर नजर ठेवणारी माणसं दोन्हीकडे असतात किंवा दोन्हीकडे नसतात, आणि ती आहेत की नाहीत हे जागेवर जाऊन बघावं लागतं.

गेटचा खरा उपयोग मला एका बाबतीत पुरेपूर पटला आहे: डिमेन्शिया. आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. पहाटे पाचला इस्त्रीचा शर्ट घालून, हातात छत्री घेऊन गेटवर यायचे. "शाळेला उशीर होतोय." आमचा रात्रीचा वॉचमन त्यांना कधी अडवायचा नाही. तो म्हणायचा, "सर, आज सुट्टी लागलीय. चहा घेता का?" सर खुर्चीवर बसून चहा घ्यायचे, त्याला दोन गणितं घालायचे आणि उजाडल्यावर घरी परत यायचे. असं दीड वर्ष चाललं. मग एजन्सीचं कंत्राट बदललं आणि नवा मुलगा आला. त्याने सरांना दंडाला धरून परत पाठवलं, सर घाबरले, त्यांनी त्याला छत्रीने मारलं, आणि सरांच्या मुलाला पुण्याहून बोलवून घ्यावं लागलं. म्हणून गेटेड जागा बघायला गेलात की वॉचमनला विचारा, "दादा, इथे किती वर्षं झाली?" उत्तर "मागच्या महिन्यात लागलो" असं आलं आणि दुसऱ्याचंही तेच आलं, तर तुम्ही दांडी आणि रजिस्टर विकत घेताय, माणूस नाही. तुमच्या दोघांच्या घराण्यांत विस्मरणाचा आजार असेल तर माझं खालचं सगळं म्हणणं थोडं गेटच्या बाजूला झुकवून वाचा.

आता गेटमुळे काय अडतं तेही बघू, कारण ते विकताना कुणी सांगत नाही. अडतात त्या रोजच्या उपयोगाच्या व्यक्ती. धुणी-भांडीवाली बाई, भाजीवाली, इस्त्रीवाला, भाचा, फिजिओथेरपीला येणारी मुलगी. प्रत्येकासाठी गेटवरून फोन येतो किंवा मोबाइलवर ॲप वाजतं. ७० व्या वर्षी ते गमतीचं वाटतं. ८२ व्या वर्षी, कानाचं यंत्र काढून दुपारी आडवं झालेल्या माणसाला ते ऐकूच येत नाही आणि पाहुणा बाहेर उन्हात उभा राहतो. दोनदा असं झालं की तो पुन्हा येत नाही, बोलूनही दाखवत नाही.

यातही सगळ्यात महत्त्वाची बाई. मी जागा बघायला गेले की क्लब हाऊस शेवटी बघते. आधी बायका कुठून येतात ते विचारते. हायवेपलीकडच्या संकुलात जवळपास वस्ती नसेल तर बाई शेअर रिक्षाने येणार. तिचं जाण्यायेण्याचं भाडं पगारात लागणार, आणि मावळातल्या पावसात रिक्षा आली नाही की ती येणार नाही. स्टेशन भागात एक नाही आली तर शेजारच्या घरची तुमच्याकडे अर्धा तास येऊन जाते. पुढे ब्यूरोमार्फत चोवीस तासांची बाई ठेवायची वेळ आली, तरी हाच हिशोब. सुट्टीच्या दिवशी बाजार, मोबाइलचं रिचार्ज, गावाकडची गाडी यांपैकी काहीच जवळ नसेल तर ती तिथे टिकत नाही. महिन्याला बाई बदलण्यात जेवढी म्हातारी माणसं खचतात, तेवढी आजारपणानेही खचताना मी पाहिली नाहीत.

इथे एक नाजूक गोष्ट बोलते, रागावू नका. जागा दोघांसाठी बघायची नसते, दोघांतल्या मागे राहणाऱ्यासाठी बघायची असते. वयं आणि तुमचं हृदय बघता मागे राहण्याची वेळ वहिनींवर येण्याची शक्यता जास्त. त्या गाडी चालवत नाहीत. तुम्ही आहात तोवर सहा किलोमीटर म्हणजे दहा मिनिटं. तुम्ही नसाल, किंवा डोळ्यांमुळे गाडी सोडावी लागली, त्या दिवसापासून ते सहा किलोमीटर म्हणजे रिक्षाची वाट बघणं, कुणाला तरी विनंती करणं आणि हळूहळू "नकोच ते, काय अडलंय" म्हणणं. वहिनी भजनी मंडळात जातात, भाजी स्वतः निवडून आणतात असं तुम्ही लिहिलंय. ही दोन कामं त्यांना पायी करता आली पाहिजेत. संकुलातही भजन असतं, आमच्याकडे दर गुरुवारी होतं. पण तिथे सगळ्याजणी एकाच वयाच्या. दहा वर्षांनी पेटी उचलून ठेवायलाही कुणी नसतं.

हीच अडचण कमिटीची. ज्येष्ठांच्या संकुलात बिल्डर बाहेर पडल्यावर कारभार रहिवाशांकडे येतो, आणि सभासद सगळे पंचाहत्तरीच्या आसपासचे. पहिली पाच वर्षं उत्साह असतो, कारण निवृत्त इंजिनिअर आणि ऑडिटर भरपूर असतात. मग एकाचं पथ्य, दुसऱ्याचा चष्मा, तिसऱ्याला अमेरिकेत नातू. सेक्रेटरी व्हायला कुणी तयार होत नाही आणि सगळं सेवा कंपनीच्या हातात जातं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात बिल्डर, सेवा देणारी संस्था आणि घर घेणारा अशा तिघांचा करार असावा असं म्हटलंय. तुम्हाला दाखवलेल्या कागदांत असा तिहेरी करार आहे का ते बघा. मेस बंद पडली, डॉक्टर यायचा थांबला, तर जबाब कुणाला विचारायचा हे त्यात लिहिलेलं हवं. "आमची माणसं बघून घेतील" हे काही उत्तर नव्हे.

पैशांचं. तुम्हाला मेंटेनन्स, मेस वगैरे धरून महिना साधारण २२,००० सांगितलंय. दर वर्षी ८ टक्के वाढ धरली (करारात वाढीचा आकडा असतो, शोधा) तर नऊ वर्षांत ते ४४,००० होतात. त्यातला मेंटेनन्सचा भाग महिना ७,५०० रुपयांच्या वर असेल आणि सोसायटीची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असेल, तर त्यावर १८ टक्के जीएसटीही लागतो. आता दुसरी बाजू. तुमची पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी. फॅमिली पेन्शनचा वाढीव दर पेन्शनर गेल्यापासून सात वर्षं किंवा तो असता तर त्याची ६७ वर्षं पूर्ण झाली असती तो दिवस, यांतलं जे आधी येईल तिथवरच असतो, आणि ६७ तुम्ही ओलांडलंय. म्हणजे तुमच्या मागे वहिनींना त्याच मूळ पगाराच्या ३० टक्के मिळणार. महागाई भत्ता दोन्हींवर येतो, पण शंभराच्या जागी साठ हे प्रमाण राहतं. माणूस एक कमी झाला म्हणून संकुलाचा मेंटेनन्स कमी होत नाही, मेसचा निम्मा होतो तेवढाच. हा हिशोब कागदावर वहिनींसमोर बसून करा. स्टेशनच्या सोसायटीत महिना साडेतीन हजार आहे म्हणालात. उरलेल्या पैशांत डबा, अर्धवेळ बाई आणि महिन्यातून चार वेळा टॅक्सी सहज बसते.

दवाखान्याच्या बाबतीत लोक "संकुलात डॉक्टर आहे" यावर फार भाळतात. आठवड्यातून तीनदा येणारा डॉक्टर रक्तदाब बघतो, गोळ्या लिहून देतो. चांगलंच आहे. पण तुम्हाला छातीत कळ आली किंवा वहिनींचं तोंड वाकडं झालं, तर प्रश्न गेटपासून मोठ्या रुग्णालयापर्यंतच्या मिनिटांचा असतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यात सीटी स्कॅनही उरकायचा असतो. तळेगावातच मायमर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, ही तळेगावची मोठी जमेची बाजू. रात्री दोन वाजता तिथे काय होऊ शकतं आणि काय निगडी-चिंचवडला न्यावं लागतं, हे तिथे जाऊन कॅज्युअल्टीत विचारा. दिवसा विचारू नका, रात्रीच जा. तुमचं रेल्वेचं उमीद कार्ड (वैद्यकीय ओळखपत्र) कुठल्या रुग्णालयांत चालतं ती यादी पुण्याच्या रेल्वे हॉस्पिटलमधून आत्ताच आणून ठेवा. आणीबाणीत यादी शोधत बसता येत नाही. सत्तरी पूर्ण झाली की आयुष्मान भारतचं ५ लाखांचं कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, पण सरकारी योजनेत आधीच असाल तर दोन्हींतलं एक निवडावं लागतं, हेही तिथेच विचारून घ्या.

अँब्युलन्सचं आणखी एक. संकुलात गाडी घेऊन शिरताना वर बघा. आमच्या गेटला बिल्डरने हौसेने कमान केली होती, दगडी, छान दिसायची. उंच टपाची १०८ त्यातून आत यायची नाही. स्ट्रेचर गेटपर्यंत ढकलत न्यावं लागायचं, पावसात छत्री धरून. कमान पाडायचा ठराव तीन वर्षं चालला.

घराच्या आत काय बघायचं यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि लोक सगळ्यात कमी. महारेराने (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने) २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना किमान नियम घालून दिले. दारं ९०० मिलिमीटरपेक्षा अरुंद नकोत. लिफ्टला ऐकू येणारी आणि दिसणारी, दोन्ही सूचना हव्यात. बाथरूमची फरशी न घसरणारी, धरायला दांड्या. बाथरूमची कडी अडचणीच्या वेळी बाहेरून उघडता आली पाहिजे, आणि बेडरूम-बाथरूममध्ये घंटा हवी. तुम्ही बघितलेलं संकुल त्याआधीचं आहे, तेव्हा यांतलं काय आहे आणि काय नाही ते टेप घेऊन मोजा.

बाथरूमचं दार कुठे उघडतं याचा मला जवळजवळ वेडा ध्यास आहे, त्याचं कारण सांगते. एक काका आत पडले आणि दाराला टेकून पडले. दार आत उघडणारं. बाहेरून ढकलावं तर त्यांच्या बरगड्यांवर दाब येतोय, ते कण्हताहेत, काकू माझा हात धरून ओढताहेत. शेवटी सुताराला बोलावून बिजागऱ्या कापल्या, त्यात पंचवीस मिनिटं गेली. दुसऱ्या महिन्यात मी सगळ्या इमारतींतली बाथरूमची दारं बाहेर उघडणारी करून घ्या म्हणून मागे लागले. एका सुताराचं दिवसाला तीन दारं असं काम होतं. ही गोष्ट स्टेशनच्या जुन्या फ्लॅटमध्येही तुम्ही आठवडाभरात करून घेऊ शकता. दांड्या, उंच कमोड, उंबरठा काढणं, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्री आपोआप लागणारे दिवे, वहिनींच्या आणि शेजारच्यांच्या फोनवर वाजणारी बिनतारी घंटा. "ज्येष्ठांसाठीचं घर" म्हणून जे वेगळे पैसे घेतात त्यातला मोठा भाग सुतार आणि प्लंबर मिळून करून देतात.

कागदपत्रांत तीन गोष्टी पक्क्या करा. मालकी आहे की नुसता राहण्याचा हक्क? काही संकुलांत डिपॉझिट देऊन तहहयात राहायचं असतं. मग डिपॉझिट किती दिवसांत, किती कापून, कुणाला परत मिळणार ते वाचा. मालकी असेल तर विकायची अट काय? पंचावन्न किंवा साठीच्या वरच्यालाच विकता येईल अशी अट बहुतेक ठिकाणी असते. म्हणजे तुमची मुलं वारस म्हणून मालक होतील, पण राहू शकणार नाहीत आणि विकायला गिऱ्हाईक थोडं. तोवर मेंटेनन्स त्यांच्याच खिशातून. सहकारी सोसायटीत हस्तांतराच्या प्रीमियमला २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. संकुलांच्या करारांत मात्र मी ट्रान्सफर फी किमतीच्या टक्क्यांत लिहिलेली पाहिली आहे. आणि घर कुठलंही घ्या, नॉमिनी लावला म्हणजे झालं असं समजू नका. नॉमिनी विश्वस्त असतो, मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते. मृत्युपत्र दोघांचंही करा.

खुल्या सोसायटीचे दोष मी झाकत नाही. रस्त्यावरची कुत्री हा खरा प्रश्न आहे, पहाटे फिरायला जाणाऱ्याला काठी लागते. रस्ता खणलेला असतो, आणि खड्ड्याशेजारी दिवा नसतो. जवळ मंगल कार्यालय असेल तर मे महिना संपेपर्यंत बँडशी दोस्ती करावी लागते. दारात विक्रेते, वर्गणीवाले, "गॅसचं कनेक्शन तपासायला आलोय" म्हणणारे येतात. त्याला सुरक्षा दार आणि साखळी हवी, आणि ती लावायची सवयही हवी. तुमच्या मनातल्या चोराची सोय मी एवढ्यावर करते. अनोळखी माणसाला घरात घेण्याआधी शेजारी फोन करायचा, हा नियम पाळणारी सोसायटी कुठल्याही गेटइतकीच घट्ट असते. संकटात ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तो नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावा. फोनमध्ये ठेवलेला नंबर चष्म्याशिवाय सापडत नाही.

चिरंजीवांसाठी थोडं वेगळं. न्यू जर्सीत मन्रोसारख्या ठिकाणी त्यांनी पंचावन्नच्या वरच्यांच्या नीटनेटक्या वसाहती बघितल्या असतील आणि तेच चित्र डोळ्यांसमोर असेल. तिथे ७८ वर्षांची बाईही गाडी चालवत दुकानात जाते, म्हणून दुकान चार मैलांवर असलं तरी चालतं. आणि गेटचं म्हणाल तर ॲरिझोनातलं सन सिटी, जिथून १९६० साली या प्रकारच्या मोठ्या वसाहतींना सुरुवात झाली, त्याला गेटच नाही. फ्लोरिडातल्या 'द व्हिलेजेस'ला फाटकं आहेत, पण रस्ते सार्वजनिक असल्यामुळे बटण दाबलं की कुणासाठीही दांडी वर जाते. तिथल्या म्हाताऱ्यांना धरून ठेवणारं काही असेल तर ते क्लब, गोल्फची छोटी गाडी आणि सोबत आहे. मुलगा काळजीने बोलतोय हे मला कळतं. त्याला रोज सकाळी आठला एक फोन किंवा पाटीसारखा एक ठरलेला मेसेज द्या, त्याची निम्मी काळजी कमी होईल. आणि बोलायचंच झालं तर मुलीशी बोला. रात्री विमान पकडून सकाळी तळेगावात ती पोचू शकते, तो नाही.

तर माझं मत. तुम्ही दिलेल्या माहितीवर मी स्टेशनच्या सोसायटीकडे झुकते. वहिनींचे पाय चालताहेत, बाजार आणि लोकल पायाखाली आहे, रुग्णालय जवळ आहे, मेंटेनन्स फॅमिली पेन्शनमध्ये बसतो. तुम्ही दोघं एकलकोंडे असता, किंवा वहिनींना माणसांचा कंटाळा असता, किंवा तुमच्यापैकी एकाला आत्ताच रोजची शुश्रूषा लागत असती, तर मी मेस आणि नर्स असलेल्या संकुलाकडे बोट दाखवलं असतं. तेही हायवेपलीकडच्या नव्हे, पुण्याला लागून असलेल्या एखाद्याकडे. अथश्रीसारखी संकुलं पुण्यात पाषाण-बाणेरकडे पंचवीसेक वर्षांत रुळली. तिथे निदान बाहेर पडलं की शहर आहे.

पण आत्ता दोन्हींपैकी काहीच विकत घेऊ नका. डोंबिवलीचा फ्लॅट विकल्यानंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तरी भांडवली नफ्यावरची सवलत मिळते. फक्त रिटर्न भरायच्या मुदतीआधी ती रक्कम बँकेत कॅपिटल गेन्सच्या खास खात्यात ठेवावी लागते. सीएला विचारून घ्या. म्हणजे तुमच्या हातात एक पूर्ण वर्ष आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करून स्टेशन भागात भाड्याने राहा, आणि तो मे अखेरीला सुरू करा. मावळातला पावसाळा भाड्याच्या घरातून बघून झालेला बरा. कुठल्या भिंतीला ओल येते, वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, पावसात बाई येते का, हे ऑगस्टपर्यंत सगळं समजतं. मध्ये पंधरा दिवस संकुलातही राहून बघा. बरीच संकुलं गेस्ट रूम देतात. तिथे असताना रविवारची पार्टी बघू नका, मंगळवारी दुपारी तीन वाजता खाली उतरा आणि बाकांवर कोण बसलंय ते बघा.

पहिल्या फेरीला मात्र गाडी नेऊ नका. लोकलने तळेगावला उतरा, वहिनींना बाजारात दोन-तीन किलो भाजी घेऊ द्या आणि पिशवीसकट त्या सोसायटीपर्यंत चालत जाऊ द्या. तुम्ही मागून चला, पिशवी घेऊ नका. किती मिनिटं लागली आणि वाटेत किती वेळा थांबल्या ते लिहून मला कळवा, मग कुठला मजला आणि कुठली इमारत ते बोलू.